एकशे आठ चौरस फूट

“जरा भारदस्त लिही गं, सेक्रेटरीबाई! दुकान म्हटलं की दुकान वाटलं पाहिजे.”

शिंपीकाकांचा हा तीन वर्षांपूर्वीचा आवाज तिला ऐन बैठकीत आठवला. समोर लांबलचक टेबल, पलीकडे नगरपालिकेच्या समितीची सहा माणसं, रंगाने चिकटून कायमची बंद झालेली खिडकी. तिला दिलेली खुर्ची इतकी बुटकी, की टेबल हनुवटीला लागेल असं वाटावं. त्या खोलीत छोट्या दुकानदारांच्या बाजूची ती एकटीच.

गल्लीत तिचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. अक्षर मोत्यासारखं, बोलणं मऊ, म्हणून दुकानदारांनी तिला संघटनेची सेक्रेटरी केलं होतं. नवा नियम येऊ घातला होता: प्रत्येक दुकानाला दोन दारं हवीत, नाहीतर सहा महिन्यांत कुलूप. आग लागली तर गिऱ्हाईक मागून बाहेर पडावं, हा हेतू. हेतू वाईट नव्हता. पण गल्लीतल्या एकेचाळीस दुकानांच्या पाठीला एकच भिंत आणि भिंतीपलीकडे पाण्याची टाकी. मागचं दार काढायचं तर आधी पोहायला शिकावं लागलं असतं.

तासभर तिने हेच समजावलं. शेवटी समितीच्या अध्यक्ष मॅडम विरघळल्या. “बरं, शंभर चौरस फुटांच्या आतल्या दुकानांना सूट देऊ. एवढ्याशा जागेत माणूस दारापासून लांब असणार तरी किती?”

तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मॅडमनी दुकानांच्या नोंदीचं रजिस्टर उघडून तिच्याकडे फिरवलं. “पण तुमच्या गल्लीत शंभराच्या आत एकही दुकान नाही. हे अक्षर तुमचंच ना?”

“हो,” ती म्हणाली. नाही कसं म्हणणार?

“कागदावर तर तुमची गल्ली म्हणजे राजवाड्यांची रांग आहे,” मोठ्या दुकानवाल्यांचा प्रतिनिधी म्हणाला आणि दोघंतिघं हसले.

तीन वर्षांपूर्वी दुकानांची नोंद चालू असताना सगळ्यांचे फॉर्म तिनेच भरले होते. कुणी मापात माळा धरायला लावला, कुणी पायरी. शिंपीकाकांनी तर छपराची सावलीसुद्धा मोजायला लावली. तिने हसत हसत लिहिलं. कुणाचं काय बिघडणार होतं?

“हे आकडे चुकीचे आहेत,” ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. “फुगवून लिहिलेत. मीच लिहिलेत.”

खोलीतलं हसू थांबलं. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. “मग खरी मापं घेऊन या. उद्या सकाळी अकरापर्यंत, तुमच्या सहीने. आधीची खोटी होती हेही लिहून द्या. त्यानंतर या समितीत तुम्हाला बसता येणार नाही, कळतंय ना?”

“कळतंय. उद्या अकराला आणते. एका इंचाचंही खोटं नसेल.”

शब्द तोंडातून निघाला आणि तिला दादा आठवला. तिच्या थोरल्या भावाचं चष्म्याचं दुकान. सगळी गल्ली फुगवून लिहीत होती तेव्हा तो एकटाच म्हणाला होता, “माझं एकशे आठ. एकशे आठच लिही.” अठरा फूट लांब, सहा फूट रुंद. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता लांब टांगता यावा म्हणून त्याने मुद्दाम तसं दुकान शोधलं होतं. बाकी चाळीसही खरी मोजली तर शंभराच्या आत बसणार होती. बाहेर राहणार होता तो, ज्याने खरं सांगितलं होतं.

“मॅडम, शंभराऐवजी एकशे दहा धरलं तर?”

“एकशे दहाच का?”

सगळे तिच्याकडे बघत होते. नुकतंच खोटं कबूल केलेलं तोंड. त्या तोंडाने भावाचं नाव घेऊन चालणार नव्हतं.

“सहज विचारलं,” ती म्हणाली.

संध्याकाळी गल्ली तिच्या दुकानापुढे जमली. “सगळं मोजणार?” शिंपीकाका हादरलेच. “अगं, व्याह्यांना मी दीडशे फूट सांगितलंय!”

“व्याही काय टेप घेऊन यायचे आहेत?” किल्लीवाला म्हणाला. मग तिच्याकडे वळून हळूच, “ताई, दादाचं नव्याण्णव लिहून टाक. सगळेच आकडे चुकलेत म्हटल्यावर त्याचाही चुकलाच की. कोण बघतंय?”

दादा मागे उभा होता. “मागची भिंत दोन फूट पुढे घेऊन शहाण्णव केलं तर?” तिने त्याला विचारलं.

“तक्ता नाकासमोर येईल. आंधळाही वाचेल मग.” तो हसला, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. “तू काय लिहायचं ते लिही. मला विचारू नकोस.”

तो गेला. वहिनी मात्र थांबली. “वन्सं, चाळीस जणांचं खोटं लिहिताना हात अडखळला नाही तुमचा. घरच्या माणसाच्या वेळेलाच बरा देव आठवला!”

वहिनी खरं तेच बोलत होती. नव्याण्णव लिहिलं तर ते मॅडमना कळणार नव्हतं, गल्लीत कुणी बोलणार नव्हतं, दादाही कधी विचारणार नव्हता. दार सताड उघडं होतं आणि तिला त्यातून जाता येत नव्हतं.

सकाळी सहाला तिने रोजचे हात जोडले. मागायला काही सुचेना, म्हणून नुसतीच उभी राहिली. मग कागद, पेन्सिल, टेप पिशवीत घातली. स्वतःचं दुकान मोजलं: शहाऐंशी. ते लिहिलं. पुढचं शेजारचंच घ्यायचं, असं कुणीही केलं असतं. पण गल्लीच्या टोकाचं दादाचं शेवटी ठेवलं तर एकोणचाळीस दुकानांचा रस्ता मनाला पळवाट शोधायला पुरेल, हे ती ओळखून होती.

सगळी शटरं अजून खाली होती. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून पावलं जपून टाकत, ती गल्लीच्या टोकाकडे चालू लागली.