नारळाला पापी कसा कळतो?

"सोडला रे सोडला!" मठातल्या बाबांनी आरोळी ठोकली आणि शिवना नदीच्या काठावर अख्खं गाव पुढं रेटलं.

हळदीकुंकवानं माखलेला नारळ धारेला लागला, डुलत डुलत वळणावर आला आणि पलीकडच्या काठाला थडकला, बरोब्बर माझ्या धाकट्या बहिणीच्या, द्वारकाच्या शेताखाली. दुसराही तिथंच. तिसराही.

"माय बोलली!" बाबांनी डोळे फिरवले. "माय पापिणीचं दार दावते! म्हणून दर पुरात तिचा काठ खाते. आन् हिकडं बघा, तात्यासाहेबांना कशी नवी जमीन देते. पुण्याईऽऽ!"

अलीकडच्या काठाला शेत असलेल्या तात्यासाहेबांनी लगेच पुण्यवान चेहरा केला.

पोलीस ॲक्शन होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं, पण या गावात बाबाचं आलं. फर्मान असं: पापी माणसानं दिवस मावळायच्या आत शीव ओलांडायची, शेत मठाला द्यायचं, नाहीतर पुढचा पूर गाव नेईल. नवरा गेल्यावर द्वारकानं एकटीनं कसलेलं शेत ते. तिला बाबांनी गुडघाभर पाण्यात ओलेत्यानं उभं केलं होतं, आणि काल तिच्या हातची भाकरी खाल्लेले लोक बघत होते.

मी शहरातल्या औरंगपुऱ्यातून एसटीनं बहिणीला भेटायला आलेली. त्या क्षणी मला न्याय नको होता, सूड हवा होता.

तेवढ्यात द्वारकाच्या कालिंदीनं माझा पदर ओढला. "मावशी, परवा माझी चप्पल वाहून गेली, ती बी आमच्याच काठाला लागली. चपलीनं काय पाप केलं?"

मी नदीच्या खालच्या अंगाला नजर टाकली.

"बाबाचा मठ कुठंय गं?"

"त्या काय, खालच्या वळणावर. अल्याडच्या अंगाला."

शिवना पुढं उलटी वळते. मी हात जोडून पुढं झाले.

"बाबा, माझ्याबी हातची ओटी घ्या की. मठापाशीच सोडू. तिथं माय आणखी मोकळं बोलंल."

"मायला सारखं विचारू नये, बाई."

"तीनदा तुम्हीच विचारलंत!"

लोक हसले आणि खाली निघालेसुद्धा. बाबांना मागं राहता येईना.

मी वळणाच्या वरून, मधल्या धारेत नारळ सोडला. तो डुलत गेला आणि मठाच्या पायरीखाली थडकला. मग कालिंदीनं सोडला. तोही तिथंच.

म्हातारी साळूबाई किंचाळली, "अगं बया! माय तर बाबाच्याच दारात!"

"हा... हा प्रसाद हाय," बाबा पुटपुटले.

"तिच्या दारात पाप आन् तुझ्या दारात प्रसाद व्हय?" साळूबाईनं विचारलं.

आता पोरं माझ्याभोवती जमली होती. मी विचारलं, "घाटात एसटी वळली की आपण कुठं कलंडतो?"

"भाईरच्या अंगाला!"

"पाण्याचंही तसंच. ते सरळ जायला बघतं, म्हणून वळणावर बाहेरच्या काठावर आदळतं. तरंगणारं सगळं तिकडंच नेतं. तिथं जोर जास्त, म्हणून काठ पोखरला जातो आणि डोह खोल होतो. उन्हाळ्यात गुरं पितात ते पाणी त्या डोहातलंच. आतल्या अंगाला पाणी मंद, त्याला वाळू-गाळ पेलवत नाही, तो तिथंच बसतो. तात्यासाहेबांची पुण्याई म्हणजे वरच्या कुठल्यातरी वळणावर ढासळलेली माती आहे. नदी माणसं ओळखत नाही. आपण तिची वळणं ओळखावीत, म्हणजे घर कुठं बांधू नये आणि झाडं कुठं लावावीत ते कळतं."

"जाऊ द्या आता, झालं गेलं," तात्यासाहेब म्हणाले.

"का म्हणून? नियम बाबांचाच आहे. बाबा, दिवस अजून वर आहे. चालायला लागलात तर शीव गाठाल."

गावानं वाट करून दिली. बाईला पाण्यात उभं करणाऱ्याला कोरड्या धोतरानं जाऊ दिलं, एवढीच दया. तो वळकटी काखेत मारून गेला.

"अक्का, बास आता," द्वारका म्हणाली.

"बास नाय." दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यासाहेबांसकट सगळ्या पुण्यवानांना मी तिच्या काठावर आणलं आणि त्यांच्याकडून काठाची माती धरून ठेवणारी निर्गुडी लावून घेतली. ते चिखलात वाकले होते आणि द्वारका बांधावर बसून बघत होती. मला ते फार गोड वाटलं. खोटं कशाला बोलू?

पोरांनो, कुणी चमत्कार दाखवला तर वाद घालू नका, पायाही पडू नका. एवढंच म्हणा, "हेच जरा जागा बदलून करून दाखवा." तो चिडला, तर समजा उत्तर मिळालं.