समोरच्याची बाजू

मास्तरांनी हट्ट काही सोडला नाही. 'बाहेरच्यांना हाकला' म्हणून गावभर बोंबलत फिरणाऱ्या त्या पुढाऱ्याशी भर सभेत वाद घालायचाच. बायकोने परोपरीने सांगितलं, "अहो, चिखलात दगड मारून अंगावर शिंतोडे कशाला घेताय?" पण मास्तरांचा जीव अडकला होता धाकट्या भावात. आईबाप गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलेलं. कारखाना बंद पडला, धाकटा घरी बसला आणि बघता बघता त्या टोळक्यात रमला. तरी परवा जेवताना म्हणाला होता, "दादा, त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही." तेवढ्या आशेवर मास्तर सभेला उभे राहिले.

कॉलेजात ते वक्तृत्व शिकवायचे. त्यांचा शिरस्ता ठरलेला: आधी समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची, मगच ती मोडायची. पोरांना हे शिकवणं ठीक हो! इथे समोर कोण बसलंय, ते तरी बघावं की नाही माणसाने?

पुढाऱ्याचं भाषण म्हणजे नुसता आरडाओरडा, ना शेंडा ना बुडखा. मग मास्तर उठले आणि शिरस्त्याप्रमाणे त्याची बाजू मांडू लागले. कारखान्याचं कुलूप, रिकाम्या हाताने घरी येणारा तरणाताठा माणूस, घरच्यांच्या नजरा चुकवत त्याने गिळलेले घास. बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला. सभागृहात टाळ्या थांबेनात.

त्यानंतर त्यांनी ती बाजू मुद्द्यामुद्द्याने अशी खोडून काढली की पुढाऱ्याला तोंड उघडता येईना. पण तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. मित्र म्हणाले, "धुऊन काढलंत!" मास्तर खूश होऊन घरी आले.

दोन दिवसांनी गल्लीत पुढाऱ्याच्या पक्षाची गाडी आली. भोंग्यावर मास्तरांचाच आवाज, फक्त पहिला अर्धा भाग. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याने, तो बाहेरचाच, भरदुपारी शटर ओढून घेतलं.

धाकटा वर आला तो शर्टावर पक्षाचा बिल्ला लावूनच.

"दादा, मनात धाकधूक होती रे. आमच्यात धड बोलता येतंय कुणाला? तू बोललास आणि सगळं लख्ख झालं."

"अरे, पुढचं ऐकलंस ना? खोडून काढलं मी ते!"

"ऐकलं की. नोकरी आहे तुझी, तेवढं म्हणावंच लागतं. पण तुझा आवाज कुठे भरून आला, ते मला कळत नाही होय? तू वाढवलंयस मला."

उभा जन्म शब्दांवर काढलेला माणूस, पण वेळेवर एक शब्द फुटेना.

"तो तुझ्यासाठी भरून आला होता रे," ते शेवटी म्हणाले. तोवर धाकटा जिना उतरला होता. खाली भोंग्यातून मास्तर बोलत होते, आणि गाडीपाशी जमलेली माणसं टाळ्या वाजवत होती.