टेलरबाईंसाठी कोण?

टेलरबाईंनी प्रार्थना केली की चर्चच्या मंडळीतली माणसं डोळे पुसत घरी जायची. कुणाचं ऑपरेशन असो, कुणाच्या लेकीचं लग्न अडलेलं असो, रविवारी उपासना सुटली की सगळे त्यांच्याभोवती गोळा व्हायचे. त्यांचं स्वतःचं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, "देवाच्या कृपेनं बरं चाललंय."

औषधांच्या दुकानात काम करणारी एक बाई मंडळीत नव्याने येऊ लागली होती. पस्तिशीची, बोलायला फटकळ. एका गुरुवारी दुपारी ती अस्तर बदलायला कोट घेऊन आली. टेलरबाई जुने टाके उसवता उसवता म्हणाल्या, "तुझ्यासाठी देवाकडे काही मागायचं असेल तर सांग हो."

"सांगेन की. पण ताई, तुमच्यासाठी कोण मागतं?"

"सगळेच मागतात."

"एक नाव सांगा."

टेलरबाईंचं डोकं सणकलं. चार दिवसांची ओळख आणि ही माझी झडती घेते! "कोट सोमवारी मिळेल," एवढंच बोलून त्यांनी मशीन सुरू केलं.

प्रश्न मात्र कुसळासारखा रुतून बसला. रात्रंदिवस त्यांनी अख्खी मंडळी मनात चाळली. नाव सापडेना. सापडणार कुठून? त्यांनी कधी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. रविवारी एका आजोबांच्या गुडघ्यांसाठी त्या प्रार्थनेला उभ्या राहिल्या तेव्हा शब्द नेहमीसारखे घडाघडा आले, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

सोमवारी त्यांनी कोट पुढे केला, पण हातातून सोडला नाही. "बस जरा," त्या म्हणाल्या. "मला धाकटी बहीण आहे. सात वर्षं आमचं बोलणं नाही. आई गेली त्या आठवड्यात मी तिला चारचौघांत म्हणाले, तू नुसती तोंड दाखवायला आलीस. तेव्हा तिचं स्वतःचं दुखणं चाललेलं होतं. मला नंतर कळलं. कळल्यावरही मी गप्पच राहिले. जगासाठी देवापुढे पदर पसरते, पण तिचं नाव काही तोंडातून निघत नाही."

आता ही उपदेश करणार, या तयारीने त्या बसल्या होत्या. ती म्हणाली, "मला तर प्रार्थनाच येत नाही, ताई. गेलं वर्षभर देव आहे असं जाणवलेलंही नाही. घर खायला उठतं म्हणून मी चर्चला येते. हे पाळकसाहेबांना सांगू नका."

टेलरबाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही आलं. दोघींनी शिलाईच्या टेबलावर हात धरले. आज नवखीची पाळी होती. बराच वेळ ती अडखळली. शेवटी म्हणाली, "प्रभू, हिला धीर दे. नंबर मी लावून देते. आमेन."

आणि तिने खरंच लावला. बहिणीने फोन उचलला नाही. त्यानंतरच्या गुरुवारी पुन्हा लावला, तेव्हाही नाही. त्या गुरुवारी टेलरबाईंनी आधी नवखीसाठी प्रार्थना केली: सजवलेले शब्द नाहीत, नुसतं, "बापा, हिला एकटं वाटू देऊ नकोस." तिने परतायची घाई केली नाही. समोरची बटणांची डबी पुढे ओढून रंगांप्रमाणे लावत बसली.

पुढच्या गुरुवारी फोन उचलला गेला.

"मी बोलतेय," टेलरबाई म्हणाल्या. "माझं चुकलं गं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

पलीकडून बहीण म्हणाली, "अजून माझा राग गेलेला नाही, आक्का."

"असू दे. मी पुन्हा करू फोन?"

"कर. पण सकाळी कर. दुपारी मी झोपते."

टेलरबाईंनी फोन खाली ठेवला. नव्या मैत्रिणीने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"अजून रागावलीय," टेलरबाई म्हणाल्या. "पण सकाळी फोन कर म्हणाली."

"बरं," ती म्हणाली, "मग उद्या सकाळी कामावर जाण्याआधी येते मी."