राजाच्या मोहरेवरचा कान

मी राज्यारोहणाची सोन्याची मोहर बोलतेय. जरा घाईत बोलते, कारण सोनाराने शेगडी पेटवली आहे आणि माझ्या जिवाची नुसती घालमेल चालली आहे.

नवा राजा गादीवर बसला, तेव्हा मानकऱ्यांना वाटायला माझ्यासारख्या पाचशे मोहरा टांकसाळीत पाडल्या. आमचा ठसा कोरणारा कारागीर अबोल आणि महा हट्टी. राजवाड्यातून त्याच्याकडे राजाचा एकच फोटो आला, तोही समोरून काढलेला, केस कानांवर आलेले. मोहरेवर तर चेहरा बाजूने हवा! समोर बसायला राजेसाहेबांना म्हणे वेळ नव्हता. "आता कान कुठून आणू?" म्हणत कारागीर कपाळाला हात लावून बसला.

शेवटी त्याने आपल्या लेकाचा कान कोरला. एकोणीस वर्षांचा तो लेक आदल्या वर्षी नदीत बुडाला होता. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. पण बापाला तो कान पाठ होता. पाळी गालाला चिकटलेली, वरच्या कडेला इवलंसं टोक. राजवाड्याने ठसा पसंत केला. राजाच्या कानाला लागायला सगळे टपलेले, पण कानाकडे बघतो कोण!

बक्षीस म्हणून मी कारागिराला मिळाले. घरी येताच त्याने मला बायकोच्या हातावर ठेवलं.

"कानावरून अंगठा फिरव."

"अगंबाई! हा तर आपला…"

"हळू बोल! बाहेर कळलं तर नोकरी जाईल."

धाकटी मुलगी तेव्हा पाळण्यात होती. पुढे तिलाही कुणी काही सांगितलं नाही.

काही वर्षांनी कारागीर वारला. आई मात्र रोज दुपारी कपाट उघडायची, मला मुठीत घ्यायची आणि त्या कानावरून अंगठा फिरवायची. तीस वर्षं! लेकाचा चेहरा तिला हळूहळू आठवेनासा झाला, उरला होता तो एवढा कान. आणि मी पडले सोन्याची, लोखंडाची थोडीच? कान झिजत चालला. ओरडून सांगावंसं वाटे, "अगं माये, थांब, तुझ्याच हाताने घालवतेयस त्याला!" पण ती थांबली असती तर तिने जगायचं कशावर? मला दोन्हीकडून चैन नसे.

गेल्या आठवड्यात मुलीने साखळी करायला मला उचललं. आईला विचारलंसुद्धा नाही. तिच्या लेखी मी कपाटात पडून असलेलं सोनं. सोनाराने भिंग लावलं.

"ताई, राजेसाहेबांचं नाक, मुकुट, सगळं नवंकोरं. कान तेवढा सपाट. कुणी घासला हो?"

मुलगी मला घेऊन तशीच घरी परतली. आईने सगळं कपाट जमिनीवर उपसलं होतं. मला हिसकावून घेत तिने अंगठा फिरवला आणि रडत रडत सारं सांगून टाकलं.

"आता नुसतं गुळगुळीत लागतं गं. तोही गेला माझ्या हातून."

मुलगी हबकलीच. "कसा होता गं दादाचा कान?"

शाळेत टोकदार कानावरून पोरी चिडवत, म्हणून ही मुलगी लहानपणापासून केस कानांवर ओढून घेई. आईने ते केस बाजूला सारले आणि दाखवायला हात नेला. अंगठा कडेवरून फिरला, टोकाशी थांबला, पुन्हा फिरला.

"हा इथेच होता की गं! इतकी वर्षं मी राजाला कुरवाळत बसले, आणि तू शेजारी बसून जेवत होतीस."

"मग आता कुरवाळ की," मुलगी डोळे पुसत म्हणाली.

आज सकाळी आईनेच मला इकडे धाडलं. म्हणाली, "कर तुझी साखळी. राजाचं तोंड किती दिवस बघायचं?"

येते मी. आगीची भीती वाटत नाही असं नाही, पण वाट बघणं त्याहून वाईट. सोनारदादा, चहा नंतर प्या हो, आधी मला वितळवा आणि लवकर त्या पोरीच्या गळ्यात पोचवा. तिला जवळ घेताना आईचा हात माझ्यावरूनही जाईल.