पेटीला नाच कळत नाही

मी व्हेल्कोच्या हृदयाच्या भिंतीतली एक साधी पेशी. नुसत्या डोळ्यांना मी दिसत नाही, आणि आता फारशी कामाचीही उरले नाही. पण जाण्याआधी चार शब्द बोलून घेते.

व्हेल्को आईच्या पोटात होता तेव्हाच मी जन्मले. काम एकच, आवळायचं आणि सैल पडायचं. आमच्यातली एखादी गेली, की तिच्या जागी बहुधा दुसरी येत नाही, नुसता व्रण उरतो. माणसं गळलेल्या केसांसाठी हळहळतात, आमची कुणाला आठवणही नसते.

व्हेल्कोचं वेड मात्र आम्हाला आवडायचं. जानेवारीत गावातले पुरुष कातडी पांघरून, मुखवटे चढवून, कमरेला मणभर घंटा बांधून घरोघर नाचतात आणि वर्षाची पीडा हाकलतात. त्यांना कुकेर म्हणतात. व्हेल्को त्यांचा म्होरक्या. तो उड्या मारू लागला की आम्ही सगळ्याजणी बेभान पळायचो.

मग एका उन्हाळ्यात, मिरच्यांच्या वाफ्यात, आमचा ताल सुटला. जी ती मनाला येईल तशी फडफडू लागली, रक्त पुढे जाईना. दवाखान्याच्या गाडीतल्या माणसांनी छातीवर विजेचा झटका दिला आणि व्हेल्को परत आला. ते उपकार मी विसरले नाही. पुढे डॉक्टरांनी त्याच्या कातडीखाली एक पेटी बसवली आणि तिची तार हृदयात सोडली. तारेचं टोक नेमकं माझ्या शेजारी आलं. ठोके फार वेगाने पडले की पेटीने आतूनच झटका द्यायचा. घंटा पुन्हा बांधू नकोस, असंही डॉक्टरांनी बजावलं.

दोन हिवाळे त्याने ऐकलं. तिसऱ्या वर्षी शेजारचा ग्रोझ्दान अंगणात येऊन म्हणाला, "काय रे, छातीत पेटी बसवलीय, की खुराड्यात अंडी उबवायला बसलायस?"

व्हेल्कोची बायको स्ताम्का त्याच्यावर डाफरली. पण व्हेल्कोने आधीच माळ्यावरून घंटा काढल्या होत्या.

चर्चसमोर नाच रंगात आला आणि पेटीने ठोके मोजले. ते नाचाचे की मरणाचे, हे तिला कसं कळावं? तिने झटका दिला.

माणसाला तो घोड्याच्या लाथेसारखा लागतो. माझ्या अंगावरच्या पातळ पापुद्र्याला मात्र त्याने बारीक भोकं पडतात. एरवी मापाने आत येणारं कॅल्शियम लोंढ्याने घुसतं. मी आवळले जाते आणि सैल पडताच येत नाही. ताकद तयार करणाऱ्या माझ्या आतल्या भट्ट्या विझू लागतात. वेळ मिळाला तर बहुतेक भोकं बुजतात.

वेळ मिळाला नाही. कुकेर जमिनीवर पडला तर गावाला वर्षभर भोगावं लागतं, असं इथे मानतात. म्हणून व्हेल्को सावरला आणि पुन्हा नाचू लागला. पेटीने पुन्हा झटका दिला. तो कोसळणार तोच मित्रांनी बगलेत धरून त्याला उभं ठेवलं, आणि पीडा पळावी म्हणून त्याच्याभोवती आणखी जोरात घंटा वाजवल्या. सगळं प्रेमापोटी चाललं होतं. भीतीने त्याचे ठोके वाढत गेले आणि पेटी आपलं काम करत राहिली.

शेवटी स्ताम्का गर्दीत घुसली. "निजवा त्याला खाली," ती म्हणाली. "गाव गेलं खड्ड्यात."

माझ्या शेजारणी त्याच आठवड्यात गेल्या. मी राहिले, अर्धीमुर्धी. किती वेगाला झटका द्यायचा, ती पेटीची मर्यादा डॉक्टरांनी वाढवली, पण गेलेल्यांना कोण आणणार? व्हेल्कोला आता दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते.

काल कुकेर पुन्हा निघाले. स्ताम्काच्या शब्दाखातर त्यांनी घंटांत गवत कोंबलं आणि आमच्या दारावरून चोरासारखे जाऊ लागले. व्हेल्कोने खिडकी उघडली.

"ग्रोझ्दान, वाजव रे. हे काय मेलेल्याचं घर आहे?"

ग्रोझ्दानने मुखवट्याआड डोळे पुसले आणि गवत उपसलं. घंटा वाजल्या. व्हेल्कोला केवढा आनंद झाला! पूर्वी अशा वेळी आम्ही पळत सुटायचो. काल त्या आनंदाची हाक आली तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना व्रण होते. मी आवळले आणि तशीच राहिले. खिडकीची चौकट धरून तो हळूहळू खाली बसला.

ठोके मर्यादेतच होते, म्हणून पेटी गप्प होती. तिच्या हिशेबी सगळं ठीक होतं.

व्हेल्को, तुझी हाक मला ऐकू आली होती रे. यायची ताकद नव्हती.