कुलपातले चौदा खळगे

मित्रांनो, मी एक जुनी अळगुळी मणे आहे आणि सध्या कुलपात आहे. घाबरू नका, चोरी केलेली नाही. चौदा खळग्यांचा, मधोमध मिटणारा फणसाच्या लाकडाचा पाट म्हणजे मी. खळग्यांत सारखे चिंचोके घालून खेळायचं, एवढंच माझं काम. राजाजीनगरच्या या घरात कमलाअक्कांनी मला आणलं, तेव्हा दुपारभर माझ्यावर हात फिरायचे. त्या गेल्या आणि त्यांच्या मुलाने, नरसिंहअण्णांनी, मला पॉलिश करून काचेच्या कपाटात ठेवलं. कपाटाला कुलूप, मला कडी. पाहुणे म्हणतात, "काय सुंदर वस्तू!" पण उघडून कोणी बघत नाही. चिंचोके पोटात तसेच आहेत. जीव गुदमरतो हो माझा.

कपाटासमोरच अण्णांची मुलगी मैत्रेयी अभ्यासाला बसते. पाढे घडाघडा म्हणते, पण बीजगणित आलं आणि घोडं अडलं. एक्स जर चार, तर तीन एक्स किती? तिने तिनाशेजारी चार लिहून टाकले. चौतीस! शनिवारच्या चाचणीत पुन्हा नापास झाली, तर थ्रोबॉलच्या संघातून नाव कापणार होते. ती वहीवर डोकं ठेवून रडली. उत्तर माझ्या पोटात होतं आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

शुक्रवारी तिची चुलत बहीण सौम्या आली. तिने वही पाहिली, मग मला पाहिलं.

"काका, स्वल्प, जराशी किल्ली द्या की."

"अगं, पॉलिश जाईल!"

"जाऊ द्या. पोरगी रडतेय."

कडी निघाली. कित्येक वर्षांनी अंगाला वारा लागला. सौम्याने तीन खळग्यांत चिंचोके घातले आणि त्यांवर वाट्या पालथ्या घातल्या.

"तिन्हीत सारखेच आहेत. किती, ते सांगणार नाही. एका वाटीखाली एक्स. सगळे मिळून?"

"एक्स, अधिक एक्स, अधिक एक्स..." मैत्रेयी थांबली. "अक्का, हेच तीन एक्स?"

"सरी, अगदी बरोबर! आता उघड."

"चार, चार, चार... बारा! मग चौतीस कुठून आणले गं मी?"

चाचणीत तिला वीसपैकी अठरा मिळाले. संघातलं नाव राहिलं. मला फार आनंद झाला. त्याच संध्याकाळी अण्णांनी मला पुसलं, मिटलं, कडी घातली आणि किल्ली फिरवली. मैत्रेयी तेव्हा मैदानावर होती.

मित्रांनो, अडल्यावर आमची आठवण काढता, उपकार आहेत तुमचे. पण गणित सुटल्यावरही कधीतरी या, नुसतं खेळायला.