जिथून उचलली तिथे

सरकारने टोइंगचे दर ठरवून दिले आणि लोकांच्या जिभेला हाड म्हणून राहिलं नाही. पूर्वी आमच्या यार्डच्या खिडकीशी यायचे ते निदान हात जोडून यायचे. आता येतात तेच भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बोट रोखून. छोट्या गाडीला इतके, मोठीला इतके, यार्डात राहिली तर दिवसाला इतके, वर एक छदाम घ्यायचा नाही. मालकाला न विचारता गाडी उचलायची म्हटल्यावर सरकारचा डोळा असणारच, हे मलाही कळतं. पण सासऱ्यांच्या काळात तोंडाला येईल तो आकडा सांगायचे, त्याचा राग लोक माझ्यावर काढतात. नवरा क्रेन चालवतो, शिव्या मी खाते. अर्थात मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही.

त्या दिवशी एक काकू आल्या. सत्तरीच्या, केस नीट विंचरलेले, हातात सरकारी नियमांचं पत्रक. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतून उचललेली पांढरी छोटी गाडी त्यांची. कितीतरी दिवस यार्डात धूळ खात पडली होती.

मी नव्या दराने हिशोब करून सांगितला. "एवढे भरा आणि गाडी घेऊन जा."

"पैसे आणलेत," काकू म्हणाल्या. "पण मला ती इथे नको. जिथून उचललीत तिथे नेऊन ठेवा."

"अहो, तिथे पार्किंगला बंदी आहे."

"माहीत आहे." त्यांनी पत्रकातल्या एका कलमावर बोट ठेवलं. चुकीने उचललेली गाडी मूळ जागी विनाशुल्क परत ठेवावी. "म्हणा ना, चुकीने उचलली."

माझं टाळकंच सटकलं. "चूक कशाची? हा बघा फोटो!" मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. बंदीची पाटी, खाली गाडी, आत कोणी नाही. चूक कबूल केली की परवान्यावर शेरा बसतो. एक शेरा आमच्यावर आधीच होता. दुसरा बसला की महिनाभर क्रेन दारात उभी, आणि आम्ही हवा खायची!

काकू फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्या सीटवर मी असायला हवी होते."

गाडी उचलली त्या दिवशी काकांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, छातीत दुखत होतं. गॅस आहे म्हणे. काकूंना गाडी चालवता येत नाही, त्या म्हणाल्या रिक्षा करू, तर गाडी मीच चालवणार म्हणे. वाटभर दोघांचं कडाक्याचं भांडण. गल्लीत जागा नव्हती, म्हणून बंदीच्या पाटीखालीच गाडी लावली आणि काका एकटेच आत गेले. जाताना म्हणाले, तू गाडी सोडू नकोस, उचलतील. मी आलोच. काकू बसल्या, बसल्या, आणि मग राहवेना म्हणून आत गेल्या. कोणी म्हणे तपासणीला नेलंय, कोणी म्हणे वरच्या मजल्यावर. त्या पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाहेर आल्या तर गाडीही नाही.

"गाडीपाशी थांबले नाही आणि त्यांच्यापाशीही पोचले नाही," काकू म्हणाल्या. "मी कुठेच नव्हते गं. ते आलोच म्हणाले होते. शब्द मोडणारा माणूस नाही. बाहेर येत असतील, तर तिथे गाडी नाही, मी नाही. त्यांना वाटेल, रागावून निघून गेली. मुलगा म्हणतो, आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. उद्या गाडीला गिऱ्हाईक बोलावलंय त्याने. एकदाच ठेवा तिथे. मी आत बसते."

मी म्हणाले, "काकू, मला वाईट वाटतं, पण..." आणि मागून आवाज आला, "ठेवू या."

नवरा कधी आत आला होता कोण जाणे. हातात चहाचा कप तसाच, तोंड पांढरंफटक.

मी त्याला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"त्या गल्लीत मी का जात नाही, माहितेय?"

माहीत कसं असणार? गल्लीचं नाव काढलं की याचं काहीतरी निघायचं, कधी ब्रेक, कधी पोट. कामचुकार म्हणून मी त्याला रोज फैलावर घेत होते.

"एक माणूस येतो," तो म्हणाला. "भर दुपारी. हॉस्पिटलचा हिरवा झगा, पायात काही नाही, हाताला सलाइनची पट्टी. काचेशी वाकून विचारतो, दादा, इथली पांढरी गाडी कुठे नेलीत? मी यार्डचा पत्ता सांगितला. म्हणाला, एवढं लांब मला जाता येत नाही."

"मग? असेल एखादा पेशंट."

"मलाही तसंच वाटलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा शेजारी हवालदार बसला होता. मी म्हटलं, साहेब, ह्यांना जरा समजवा. तर तो म्हणाला, कोणाला?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि काटा आला की मला राग येतो. "हे मला आत्ता सांगतोस?" मी ओरडले. मग खिडकीतून काकू दिसल्या. पत्रकाची घडी घालत होत्या, पुन्हा उलगडत होत्या. महिनाभर काय खायचं ते नंतर बघू, असं मनाशी म्हटलं आणि अर्ज पुढे ओढून लिहिलं, गाडी चुकीने उचलली. त्याने सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मी न केलेली चूक कबूल केली.

गल्ली अरुंद होती. एका बाजूला हॉस्पिटलची भिंत, तिच्यातून गरम हवा फेकणारे पंखे, फिनेलचा वास. नवऱ्याने गाडी इंच इंच खाली उतरवली. काकू ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसल्या, पर्स मांडीवर घेतली, काच खाली केली. आम्ही मागे क्रेनमध्ये थांबलो. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, दोन खुळ्यांच्या नादी लागून मी परवाना घालवला.

तेवढ्यात नवऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं. "आला."

मला दिसली ती रिकामी गल्ली. शपथेवर सांगते, दुसरं काही नाही. नवरा खाली उतरला, पाठोपाठ मी. तो भिंतीपाशी गेला आणि तिथून गाडीपर्यंत हळूहळू चालत आला, आजारी माणसाला आधार देत चालतात तसा, एक हात पुढे धरून. ड्रायव्हरचं दार उघडलं, थांबला, आणि अलगद लावलं. पंख्यांची गरम हवा अंगावर येत होती आणि माझे दात वाजत होते.

काकू समोरच बघत होत्या. "आले?"

"आले, काकू. बसलेत."

"मला दिसत नाहीत. त्यांना मी दिसते का?"

नवरा वाकला. "दिसता."

"रागावलेत?"

"छे, छे. विचारतायत, जेवलीस का?"

काकूंनी मान वळवली आणि अशी नजर टाकली की माझीसुद्धा बोबडी वळली. "आख्ख्या संसारात ह्यांनी मला हे कधी विचारलं नाही. माझं मन राखू नका. काय म्हणाले ते सांगा."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "सांग," मी म्हणाले.

"म्हणतायत," तो म्हणाला, "तुला बजावलं होतं ना, गाडी सोडू नकोस म्हणून? एक काम धड करशील तर शपथ."

काकूंचा चेहरा एकदम उजळला आणि त्याच क्षणी डोळे भरून वाहायला लागले. "हां! हे बोलले ते! हेच!" पदराने डोळे पुसत त्या रिकाम्या सीटकडे पुऱ्या वळल्या आणि आवाज चढवला. "हो, सोडली गाडी! आलोच म्हणालात, आलात का? मग काय गाडीची राखण करत बसू? आले तुमच्या मागे. एकेक दार उघडून बघत होते, प्रत्येकाला विचारत होते. जिने चढले, उतरले. हाका मारल्या तुम्हाला. तुमच्या दारापर्यंत आले हो मी, आणि ती नर्स म्हणाली..."

गल्लीत फक्त पंखे घरघरत होते. नवरा काचेशी वाकून ऐकत होता. त्याचे गाल ओले झाले होते.

"काय म्हणतायत?" या वेळी मीच विचारलं.

"काही म्हणत नाहीत," तो म्हणाला. "रडतायत. काकू आत आल्या होत्या, हे त्यांना माहीतच नव्हतं."